शक्ती कुणाची, ऊर्जा कुणाची?

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. कपडे भिजत घालण्यापूर्वी सगळ्यांचे खिसे तपासायची मला सवय आहे. बसची तिकिटं, सुटे पैसे, कधी पेनचं टोपण, असं काहीबाही निघतं. त्या दिवशी भाच्याच्या पँटच्या खिशातून आठ घड्या घातलेला एक कागद निघाला. उलगडून पाहिला तर फिजिक्सच्या चाचणीची उत्तरपत्रिका. वर लाल शाईत ३५ पैकी ९.

हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. गाव खानापूर तालुक्यातलं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला, विज्ञानात चांगले गुण पडले. पीयूसीला सायन्स घ्यायचं ठरलं तेव्हा बहीण म्हणाली, "तुझ्याकडं ठेवून घे गं दोन वर्षं." मी एका कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा घरात अभ्यासाचं वातावरण आहे असा तिचा समज. वातावरण आहे, पण ते ज्ञानेश्वरीचं आणि केशवसुतांचं. फिजिक्सचं नाही.

संध्याकाळी तो आला. मी कागद समोर ठेवला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग खाली बघत म्हणाला, "मावशी, मी सायन्स सोडतो. उद्यमबागेत आमच्या गावचा एकजण फौंड्रीत आहे. तो मला लावून घेतो म्हणालाय."

उद्यमबागेतल्या कामाला मी कमी लेखत नाही. तिथल्या भट्ट्यांवर बेळगावची कितीतरी घरं उभी राहिली. पण हा मुलगा तिकडं हौसेनं निघाला नव्हता. नऊ गुणांनी त्याला ढकललं होतं. दोन्हींत फरक आहे.

रात्री जेवणं झाल्यावर त्याची उत्तरपत्रिका घेऊन बसले. फिजिक्स कळत नसलं तरी मुलांच्या उत्तरपत्रिका वाचण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. मूल अभ्यास न करता लिहितं तेव्हा उत्तर पसरट असतं. अभ्यास करून चुकतं तेव्हा ते एकाच ठिकाणी, पुन्हा पुन्हा, अगदी ठामपणे चुकतं. याची चूक दुसऱ्या जातीची होती. 'पॉवर म्हणजे काय, तिचं एकक सांगा' या प्रश्नाला त्यानं एनर्जीची व्याख्या लिहिली होती आणि एकक जूल. पुढचं उदाहरणही त्याच वाटेनं गेलेलं. ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातून अशी चूक होत नाही.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"वर्गातल्या मित्रानं. मला इंग्लिश शब्द कळत नव्हता. तो म्हणाला, एनर्जी अंदरे शक्ति. आणि आमच्या पुस्तकात शक्ती म्हणजे पॉवर आहे. मग दोन्ही एकच की!"

मित्र गोकाककडचा, कन्नड माध्यमात शिकलेला. दुसऱ्या दिवशी मी त्यालाच घरी बोलावलं. दोघांची नववीची विज्ञानाची पुस्तकं शेजारी शेजारी उघडली. मराठी पुस्तकात धडा 'कार्य आणि ऊर्जा'. कन्नड पुस्तकात तोच धडा 'केलस मत्तु शक्ति'. मराठीत एनर्जीला ऊर्जा आणि पॉवरला शक्ती. कन्नडमध्ये एनर्जीला शक्ती आणि पॉवरला सामर्थ्य. मित्र त्याच्या भाषेत शंभर टक्के बरोबर, भाचा त्याच्या भाषेत शंभर टक्के बरोबर. आणि दोन बरोबर उत्तरं एकत्र आल्यावर ३५ पैकी ९!

सीमाभागातल्या आपल्या घरांना हा अनुभव नवा नाही. एकच शब्द दोन्ही अंगणांत खेळतो, पण प्रत्येक अंगणात त्याचं नाव वेगळ्या खेळात लागतं. संस्कृतातून दोन्ही भाषांनी शब्द उचलले, पण शास्त्राची पुस्तकं लिहिताना प्रत्येकीनं आपापल्या सोयीनं ते बसवले. वेगाचंच पाहा. दिशेचा विचार धरून मोजलेल्या व्हेलॉसिटीला दोन्हीकडं वेगच म्हणतात. पण नुसत्या स्पीडला मराठी पुस्तक चाल म्हणतं आणि कन्नड पुस्तक जव म्हणतं. ॲक्सिलरेशनला आपल्याकडं त्वरण, तिकडं वेगोत्कर्ष. बल मात्र दोन्हीकडं बलच. जिथं शब्द वेगळे आहेत तिथं मूल सावध राहतं. जिथं शब्द तोच आणि अर्थ वेगळा, तिथं ते पडतं.

आता निदान झालं, पण औषध काय? मी मराठीची बाई. ट्यूशनचा खर्च बहिणीला परवडणारा नव्हता. आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसतात. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, त्याला आधी व्याख्या देऊ नका. आधी ऊर्जा हालताना दाखवा." आणि एका कागदावर चार इंग्रजी अक्षरं लिहून दिली. त्यांचा उच्चार फेट.

फेट हे अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचं संकेतस्थळ. कार्ल वीमन या शास्त्रज्ञांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २००२ साली त्यांनी हा उपक्रम सुरू केला. नोबेल मिळाल्यावर माणसं व्याख्यानं देत फिरतात. यांनी पोरांसाठी खेळ करायला घेतले. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित अशा विषयांतले प्रयोग तिथं पडद्यावर स्वतः करून बघता येतात. पैसे पडत नाहीत. जगभरच्या शिक्षकांनी आणि स्वयंसेवकांनी त्यांची भाषांतरं केली आहेत. भाषांच्या यादीत मराठीही आहे, कन्नडही आहे. सगळेच प्रयोग दोन्ही भाषांत मिळतील असं नाही, पण बरेच मिळतात. आणि आपल्याकडच्या वीज-नेटच्या लहरी लक्षात घेता आणखी एक सोय मोठी आहे. प्रयोग एकदा उतरवून घेतला की पुढं नेटशिवाय चालतो.

त्यातला एक प्रयोग असा. वाकड्या घसरगुंडीसारखा एक मार्ग आहे. त्यावर चाकाच्या फळीवर उभी असलेली एक आकृती. तिला वर नेऊन सोडलं की ती खाली येते, पलीकडं चढते, परत येते. शेजारी उभे पट्टे. आकृती वर असते तेव्हा स्थितिज ऊर्जेचा पट्टा उंच. खाली येताना तो आखडतो आणि गतिज ऊर्जेचा पट्टा वाढतो. एकूण ऊर्जेचा पट्टा मात्र जागच्या जागी. घर्षण सुरू केलं की उष्णतेचा पट्टा हळूहळू वाढू लागतो आणि आकृती शेवटी तळाशी येऊन थांबते. तेव्हाही एकूण पट्टा तेवढाच. ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते, हे वाक्य मी शाळेत पाठ केलं होतं. ते घडताना पंचेचाळिशीत पहिल्यांदा पाहिलं.

पण पहिल्या दिवशी फजितीच झाली. मी दोघांना लॅपटॉप दिला आणि भाजी निवडायला गेले. अर्ध्या तासानं येऊन बघते तर दोघं त्या बिचाऱ्या आकृतीला मार्गावरून हवेत उडवून खाली आपटवत होते आणि पोट धरून हसत होते.

"काय करूलास रे?" मी विचारलं.

"अभ्यास!"

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "थोडं खेळू द्या. पण मग एक नियम घाला. आधी सांगायचं, मग दाबायचं." तो नियम मी त्याच रात्रीपासून लावला. प्रत्येक बटण दाबण्याआधी काय होईल ते वहीत लिहायचं. चुकलं तरी खोडायचं नाही.

मी विचारलं, "माणूस दुप्पट जड केला तर तळाशी त्याचा वेग किती होईल?" दोघांनीही ठणकावून लिहिलं, वाढणार. जड माणूस जोरात येणार, यात शंका ती काय? मग वजन वाढवलं. ऊर्जेचे पट्टे उंच झाले, पण घर्षण बंद असताना वेग तेवढाच! भाचा दोनदा, तीनदा करून बघत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, जड माणसाजवळ ऊर्जा जास्त आहे, पण त्याला ओढून न्यायला लागतेही जास्त." पाठ्यपुस्तकात हे सूत्रातून येतं, दोन्ही बाजूंचं वस्तुमान छाटलं जातं. त्याला ते छाटणं आता दिसलं होतं. वहीतल्या चुकलेल्या उत्तराखाली त्यानं स्वतः रेघ मारली. ती वही मी जपून ठेवली आहे.

इतकं झालं तरी मूळ गाठ राहिलीच होती. ऊर्जा कळली, पण पॉवर? पडद्यावरच्या त्या खेळात पॉवरचा पट्टा नव्हता. मी पुन्हा अडले. आणि ती गाठ सुटली आमच्या घरातल्या ज्या व्यक्तीला शाळेचं तोंड माहीत नाही, तिच्यामुळं.

आमच्या सासूबाई. वय ८४. त्यांना सगळे अव्वा म्हणतात. माहेर बैलहोंगलकडचं, घरात फक्त कन्नड. सोळाव्या वर्षी शहापुरातल्या मराठी विणकर घरात लग्न होऊन आल्या. तेव्हा त्यांना मराठीचे दोन शब्द येत होते, "होय" आणि "नको". त्यांच्या सासूबाईंना कन्नड कळायचं, पण त्या बोलायच्या नाहीत. अशा दोघीजणी पहाटे जात्यावर समोरासमोर बसायच्या. सासू मराठी ओवी म्हणायची, सून ऐकायची. महिना-दोन महिन्यांनी सून माहेरचं बीसोपद म्हणू लागली आणि सासू खुंटा ओढत ऐकू लागली. अव्वा सांगतात, "मराठी मला कुणी शिकवलं नाही. जात्यानं शिकवलं."

त्या रात्री पोरांची पॉवरवरून चाललेली वादावादी ऐकून अव्वा काठी टेकत बाहेर आल्या. "एन माडाकत्तीरी?"

मित्रानं कन्नडमध्ये त्यांना सांगायचा प्रयत्न केला. अव्वांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन पायल्या जोंधळे मी दळले काय आणि गिरणीनं दळले काय, पीठ तेवढंच. पण मला पहाट पुरत नव्हती. गिरणीला विडा लावायला लागतो तेवढा वेळ पुरतो."

भाचा एकदम ताठ बसला. काम तेवढंच, वेळ वेगळा! आमच्या गल्लीतल्या गिरणीच्या मोटारीवर ५ एचपी लिहिलेलं आहे, हे त्याला आठवलं. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. पाच म्हणजे ३,७३० वॉट. हातानं दिवसभर काम करणारा माणूस साधारण ७५ वॉटनं काम करतो, असं सरांनी सांगितलं होतं. भागाकार केला. उत्तर आलं जवळजवळ पन्नास.

"अव्वा, गिरणीत पन्नास अव्वा आहेत!"

अव्वा म्हणाल्या, "पन्नास सासवा? पापं, त्या गिरणीवाल्याच्या सुनेचं काय होत असेल!"

जात्याची ऊर्जा काही अंशी घर्षणात जाते, मोटारीचीही जाते, त्यामुळं हा हिशेब काटेकोर नाही. पण त्या हशात गाठ सुटली ती सुटली. मी लगेच विजेचं बिल काढलं. बिलावरचं युनिट म्हणजे किलोवॉट-तास, म्हणजे ऊर्जा. दिव्यावर लिहिलेले ९ वॉट म्हणजे पॉवर. नऊ वॉटचा दिवा सुमारे १११ तास जळला की एक युनिट होतं. वीज कंपनी आपल्याकडून ऊर्जेचे पैसे घेते. आपण ती किती घाईनं खर्च केली ते पॉवर सांगते. मग भाच्यानं वहीत तीन रकाने पाडले, मराठी, कन्नड, इंग्लिश. पहिली ओळ लिहिली: ऊर्जा, शक्ति, एनर्जी. दुसरी: शक्ती, सामर्थ्य, पॉवर. आणि मधल्या दोन शब्दांना तांबड्या पेनानं गोल करून लिहिलं, "इथं खड्डा आहे."

हे तीन रकाने भरायला जाळ्यावर चांगली मदत मिळते, ती वाचकांना सांगून ठेवते. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आता नेटवर पाहता येतात, इंग्लिश शब्द टाकला की शास्त्रातला मराठी प्रतिशब्द मिळतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो. एखाद्या संकल्पनेवर दोन पानं नीट मराठीत वाचायची असतील तर त्याच्यासारखा आधार नाही. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्लिश शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या स्थळावर आहे. आजीच्या तोंडचा जुना शब्द अडला तर तिथं हमखास सापडतो. कन्नडसाठी व्ही. कृष्ण यांनी आयुष्यभर खपून केलेला 'अलर' हा कन्नड-इंग्लिश कोश आहे. आणि हातानं करून बघायचं असेल तर अरविंद गुप्ता यांचं स्थळ. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस टाकाऊ काड्यापेट्या, सायकलची ट्यूब, झाकणं यांतून खेळणी करून विज्ञान शिकवतो. त्यांच्या स्थळावर अनेक भाषांतली पुस्तकं ठेवलेली आहेत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता दुसरी गोष्ट. ती मला जास्त लागून राहिली आहे.

जात्याचा विषय निघाल्यावर मी अव्वांना एक स्थळ उघडून दाखवलं. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेलं 'परी', म्हणजे ग्रामीण भारताचं लोकसंग्रहालय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी कित्येक वर्षं गावोगाव हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. तो एक लाखाहून मोठा ठेवा २०१७ पासून परीवर टप्प्याटप्प्यानं येतो आहे. ओवी वाचता येते आणि अनेक ठिकाणी प्रत्यक्ष बाईच्या आवाजात ऐकताही येते. आपल्या कन्नड बाजूलाही हा विचार जुना आहे. विजापूर जिल्ह्यातल्या हलसंगीच्या मित्रमंडळींनी १९३० च्या दशकातच 'गरतिय हाडु' हा बायकांच्या गाण्यांचा संग्रह छापला.

अव्वांनी पुण्याकडच्या कुठल्याशा बाईचा आवाज ऐकला. डोळे मिटून ऐकत राहिल्या. उजवा हात आपोआप मांडीवर गोल फिरू लागला. मग म्हणाल्या, "बाई ओळखीची नाही. चाल ओळखीची आहे." आणि पाठोपाठ स्वतः म्हणू लागल्या. अर्धं कडवं मराठी, अर्धं कन्नड. माहेरच्या वाटेबद्दल होतं ते. वाट कन्नडमध्ये आणि माहेर मराठीत. असं गाणं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. ते फक्त त्या एका जात्यावर, त्या दोन बायकांमध्ये तयार झालं असणार.

मला घामच फुटला. का ते सांगते.

२००४ साली मी नुकतीच एम.ए. झाले होते. उत्साह दांडगा. माझ्या आजीच्या तोंडच्या साठ-सत्तर ओव्या वहीत उतरवून घेतल्या, डीटीपीच्या दुकानात टंकून घेतल्या आणि फ्लॉपीत साठवल्या. काम पक्कं झालं या समजुतीनं वही इकडंतिकडं गेली. आजी गेली. काही वर्षांनी फ्लॉपी घालायला कुठल्याच संगणकाला खाच राहिली नाही. एका ओळखीच्या मुलानं खटपट करून फाईल काढून दिली, तर पडद्यावर नुसती इंग्लिश अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. तेव्हाचे मराठी आणि कन्नड फाँट आपापल्या खासगी पद्धतीचे होते. तोच फाँट असेल तर अक्षर दिसायचं, नसेल तर कचरा. आता युनिकोडमुळं मराठी-कन्नड अक्षरं कुठल्याही फोनवर सारखी दिसतात, पण माझ्या त्या फाईलीला त्याचा उपयोग नाही. चूक दुकानदाराची नव्हती, माझी होती. मी वही जपली नाही आणि आवाज तर घेतलाच नव्हता.

जाळं म्हणजे कायमचं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. लाखो लोकांनी ज्यावर आपली पानं उभारली होती ते जिओसिटीज २००९ साली बंद झालं. फ्लॅश नावाच्या तंत्रावर जगभर केलेले हजारो शैक्षणिक खेळ २०२० च्या अखेरीला फ्लॅश बंद झाल्यावर चालेनासे झाले. फेटलाही आपले जुने प्रयोग नव्या पद्धतीनं पुन्हा करून घ्यावे लागले. तिथं विद्यापीठ पाठीशी आहे म्हणून ते झालं. आपल्या अव्वांच्या पाठीशी कोण आहे?

म्हणून या वेळी शहाणपणानं घेतलं. भाचा आणि त्याचा मित्र दोघं कामाला लागले. फोनवर आवाज घेतला, पंखा आणि टीव्ही बंद करून. प्रत्येक गाण्याआधी तारीख, गाणाऱ्या बाईचं नाव, माहेर, सासर आणि गाणं कुठल्या कामाच्या वेळचं ते आवाजातच सांगून ठेवलं. मराठी भाग भाच्यानं देवनागरीत लिहिला. कन्नड भाग मित्रानं कन्नड लिपीत लिहिला. कन्नडमधले ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ओ आपल्या देवनागरीत वेगळे दाखवता येत नाहीत आणि तेवढ्यानं अर्थ बदलतो, हे त्यानंच मला समजावलं. मग एक प्रत फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक बहिणीच्या घरी खानापूरकडं आणि एक वहीत, शाईनं. जाळ्यावर ठेवायची की नाही ते अव्वांना विचारूनच ठरवायचं होतं. त्यांनी विचार करून सांगितलं, "देवाची आणि माहेरची ठेव. सासूवरची ठेवू नको. ती आता उत्तर द्यायला नाही."

हे मला कुठल्याही कार्यशाळेत कुणी शिकवलं नसतं.

अकरा गाणी झाली. बारावं अर्धं असताना अव्वांना थकवा आला, म्हणाल्या, "उद्या." दिवाळीनंतर त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून विसरणं वाढलं आहे. कधी कधी मला त्या त्यांच्या सासूच्या नावानं हाक मारतात. बारावं गाणं विचारलं की हसतात आणि हात तेवढा फिरवतात. फोनमध्ये ते अर्धंच आहे. पुढं काय होतं ते आता कुठल्याच स्थळावर मिळणार नाही.

भाच्याचं सांगायचं राहिलं. पुढच्या चाचणीत त्याला ३५ पैकी २१ पडले. पेढे वाटण्यासारखं नाही. पण या वेळी उत्तरपत्रिका खिशात नव्हती, जेवणाच्या टेबलावर होती, आणि फौंड्रीचा विषय त्यानं पुन्हा काढलेला नाही. पडद्यावरच्या खेळानं त्याला ऊर्जा दाखवली, अव्वांच्या जात्यानं पॉवर. नुसत्या संकेतस्थळावर सोडून दिलं असतं तर तो अजूनही त्या आकृतीला आपटत बसला असता. नुसत्या अव्वांवर सोडलं असतं तर ३,७३० वॉटचा हिशेब झाला नसता. आणि गोकाकचा तो मित्र नसता तर अव्वांची निम्मी गाणी मला लिहिताच आली नसती. बाहेर पाट्यांवरच्या अक्षरांवरून आपल्याकडं काय काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या घरात त्या महिन्यात दोन लिप्या एका वहीत सुखानं नांदल्या.

वाचकहो, तुमच्या घरातही पीयूसीला गेलेलं एखादं मूल असेल. त्याचे गुण बघण्याआधी त्याचे शब्द बघा. तीन रकान्यांची वही करून द्या. आधी सांगायचं, मग दाबायचं, एवढा एकच नियम घाला आणि अर्धा तास शेजारी बसा. तुम्हाला विषय येत नसला तरी चालतं, मलाही येत नव्हता. आणि घरात एखादी अव्वा, आजी, आत्या असेल, जिचा हात अजून गोल फिरतो, तर आज रात्रीच पंखा बंद करून तिच्याजवळ बसा. ती "उद्या" म्हणाली तर लाडीगोडी लावून आणखी एक कडवं म्हणून घ्या.

काल भाचा अव्वांच्या खाटेजवळ बसून फिजिक्स वाचत होता. अव्वांनी विचारलं, "तिळीतेन?" तो म्हणाला, "तिळीतु, अव्वा." कन्नड त्याला आताशा बरंच येऊ लागलं आहे.